घडणावळ कोणी भरायची?



पत्र या वेळी जरा लांबलं आहे. सवडीने वाचा, आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. विषय ऐकायला विचित्र वाटेल, पण भांडण ओळखीचं आहे.

बडोद्याच्या आपल्या मंडळात एक काका आहेत. त्यांचा मुलगा गेली नऊ वर्षं कॅनडात, कॅलगरीला असतो. एका गुरुवारी काकांचा ऑडिओ मेसेज आला, चांगला सहा मिनिटांचा. त्यातला अर्धा वेळ मागून काकूंचा आवाज, "अहो, ते पण सांगा ना". सार एवढंच की मुलगा आपली स्नोमोबाइल विकतोय, आणि जाहिरातीत एक गोष्ट लिहायची की नाही यावरून बाप-लेकात बिनसलंय. काका म्हणाले, "भाऊ, तुम्ही यावर पत्रात लिहाच. फक्त नाव घालू नका." मुलाला विचारलं तर तोही म्हणाला, खुशाल लिहा. आम्ही त्याच्याच बाजूने लिहू असं त्याला वाटत होतं.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी. गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलांगला जाऊन आलेल्यांनी पाहिली असेल, कदाचित मागे बसून चक्करही मारली असेल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मधे मोटरसायकलसारखी सीट. सियाचीनमध्ये आपलं सैन्यही ती वापरतं, तिथे तिला स्नो स्कूटर म्हणतात. तिकडे कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र ती सैन्याची किंवा टुरिस्टांची राहिलेली नाही. आपल्याकडे जशी दारात मोटरसायकल, तशी तिकडे अनेकांच्या गॅरेजमध्ये ही.

तिच्या जन्माची गोष्ट आम्हाला हे पत्र लिहिताना कळली, ती सांगतो कारण पुढे लागेल. क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, मोटार चालेना, इस्पितळापर्यंत पोरगं पोचलंच नाही. गेलं. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे प्रयोग हा माणूस लहानपणापासून करत होता. त्यानंतर तो त्यामागे हात धुऊन लागला आणि १९३७ मध्ये त्याला त्याच्या पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्याच्या पहिल्या गाड्या मोठ्या होत्या, सात माणसं बसतील अशा. हलकी, एक-दोन माणसांची स्की-डू १९५९ मध्ये आली. आज जी चैनीची गाडी वाटते, तिच्या मागे एक बाप उभा आहे.

आता आपला मुलगा. त्याने ही गाडी नवी घेतली तेव्हा १७ हजार डॉलर दिले. ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डोंगरात चालवण्यासाठीची. कॅलगरीहून चारशे किलोमीटरवर रेव्हलस्टोक म्हणून गाव आहे, त्याच्या आसपासच्या डोंगरांत ही मंडळी हिवाळ्यात शनिवार-रविवार जातात. उंचावर हवा विरळ. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद अंदाजे तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे सात हजार फुटांवर पाचवा हिस्सा गेला. त्यावर उपाय टर्बो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते हवा दाबून इंजिनात भरतं. ती ताकद परत येते, आणि हवी तर वरताणही. मुलाने टर्बो बसवला. मग त्या ताकदीला क्लच पुरेना, तो बदलला. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं. पट्टा अधिक लांब आणि अधिक खोल दात्यांचा घातला. हँडल त्याच्या उंचीप्रमाणे वर घेतलं, कारण तो सहा फूट दोन इंच. स्की बदलल्या, पुढचे दांडे बदलले, सीट कापून बारीक केली. शेवटी सगळ्या गाडीवर चित्राचं आवरण चढवलं. काकू म्हणतात त्यात हनुमान आहे, मुलगा म्हणतो डोंगर आहे. हा सगळा खर्च १२ हजार डॉलर. एकूण २९ हजार. रुपयांत करून बघू नका, काकांनी केलं होतं आणि त्या रात्री त्यांना झोप नव्हती.

यंदा घरात बाळ आलं, डोंगरात जाणं थांबलं, गाडी विकायची ठरली. आली तशीच विकायला काढली तर बोली ११ हजारांच्या वर जाईना. डीलरकडे गेला तर त्याने वर्ष, मॉडेल आणि किलोमीटर एवढंच पाहिलं आणि किमतीच्या यादीतला आकडा सांगितला, वर थोडा कमीच केला. १२ हजारांच्या सुधारणांचा भाव शून्याच्याही खाली. मुलगा चिडला. "बाबा, ही गाडी कंपनीच्या गाडीपेक्षा चांगली आहे, आणि हे लोक तिला कंपनीच्या गाडीपेक्षा कमी म्हणतायत."

असं का होतं, हे इंदूरच्या सराफ्यात अंगठी मोडायला गेलेल्या कोणत्याही बाईला विचारा. सोन्याचं वजन होतं, घट काढली जाते, उरतं त्याचे पैसे. घडणावळ? ती कोणी देत नाही. त्या अंगठीवर तुम्ही नवऱ्याचं आद्याक्षर कोरून घेतलं, मुलीच्या पत्रिकेप्रमाणे खडा बसवला, तीन वेळा सोनाराकडे हेलपाटे घातले, ते तराजूवर चढत नाही. उलट खडा काढायचं काम वाढतं. आमच्या एक गुरुभगिनी म्हणतात की अंगठी मोडताना सोन्याचं दुःख होत नाही, घडणावळीचं होतं. सोनं तर पैसे होऊन परत येतं. जे आपण त्यात घातलं, तेच येत नाही.

स्नोमोबाइलचं तसंच आहे, आणि थोडं जास्त आहे. सोन्याचा कस लावता येतो, इंजिनाला कसोटीचा दगड नाही. घेणारा बदललेली गाडी पाहतो आणि त्याच्या मनात तीन गोष्टी येतात. हे काम कोणी केलं, मेकॅनिकने की घरच्या गॅरेजमध्ये? कंपनीची वॉरंटी तर नक्कीच गेली. आणि जो माणूस इतका खर्च करून ताकद वाढवतो, तो ती न वापरता ठेवत असेल का? या तिसऱ्या शंकेला उत्तर नाही, कारण ती खरीच असते. टर्बो लावून कोणी हळू चालवत नाही. त्यात काळही उलटला. २०२० च्या मॉडेलपासून स्की-डूने आणि २०२२ पासून पोलारिसने डोंगरी गाड्यांवर कंपनीचाच टर्बो द्यायला सुरुवात केली, वॉरंटीसकट. मुलाने बाहेरून टर्बो बसवला तेव्हा तो कौतुकाचा होता. आता घेणारा म्हणतो, मला टर्बो हवा असेल तर मी तोच घेईन.

सगळेच बदल वाया जातात असंही नाही. कुणालाही उपयोगी पडेल अशी गोष्ट, चांगल्या दुकानातून बसवलेली, बिलासकट, तिचे थोडेफार पैसे येतात. सामानाची पिशवी, चांगले शॉक ॲब्झॉर्बर, नवा पट्टा. जे बदल फक्त सहा फूट दोन इंचाच्या माणसासाठी केले, त्यांचे येत नाहीत. आपल्याकडे बुलेटला दणदणीत सायलेन्सर लावणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. पोलिसांनी तो आधी काढून नेला नसेल तर.

काकूंना मात्र हे लगेच कळलं होतं. त्या शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, "ब्लाऊज शिवताना आत माया ठेवतात. शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतो, बहिणीला देता येतो. याने मायाच ठेवली नाही. अगदी अंगाबरोबर कापला." पण यात त्या चुकल्या. मुलाने माया ठेवली होती. काढलेला प्रत्येक मूळ भाग त्याने खोक्यात घालून गॅरेजच्या माळ्यावर ठेवला होता, वर चिठ्ठ्या लावून. तिकडचे जाणते लोक हेच सांगतात की मूळ भाग टाकू नका.

आणि भांडण या खोक्यांवरूनच आहे.

त्याच्या मित्रांनी हिशोब मांडून दिला. टर्बो काढ, तो वेगळा विक. क्लच वेगळा, हँडल वेगळं, स्की वेगळ्या. मूळ भाग परत बसव, कॉम्प्युटर मूळ सेटिंगवर आण, आवरण सोलून काढ. गाडी जशी दुकानातून आली तशी दिसेल. अशा गाडीला १२ हजार सहज येतील, सुट्या भागांचे आणखी चार. एकूण १६. बदललेल्या गाडीला ११ मिळत होते, त्यापेक्षा कितीतरी बरं. सुटे भाग विकण्यात काही चुकीचं नाही, ते काकांनाही मान्य. प्रश्न पुढचा. ही गाडी चार हिवाळे टर्बोवर पळालेली आहे, हे जाहिरातीत लिहायचं का? मित्रांचं म्हणणं, "विचारलं तर सांग. नाही विचारलं तर तू खोटं काहीच बोलला नाहीस." गाडी 'आहे तशी' विकली जाते, बघून घेणं घेणाऱ्याचं काम. कायद्याचा वकील लावायची वेळ येणार नाही.

काका म्हणाले, हे खोटं आहे. मुलगा म्हणाला, बाबा, मी एक तरी वाक्य खोटं दाखवा.

आम्ही मुलाशी फोनवर पाऊण तास बोललो. तो मुळीच लबाड नाही, हे आधी सांगतो. त्याचा युक्तिवाद असा की, "इंजिनाचं कॉम्प्रेशन मी तपासलंय. दोन्ही सिलिंडर सारखे आहेत, झीज नाही. म्हणजे गाडी खरोखर चांगली आहे. पण 'टर्बोवर चाललेली' एवढं लिहिलं की माणूस वाचायचंच थांबवतो. त्याच्या मनात मोडकी गाडी उभी राहते. म्हणजे मी खरं सांगून त्याच्या डोक्यात खोटं घालतो. आणि न सांगून त्याच्या डोक्यात खरं राहतं, की गाडी चांगली आहे. आता सांगा, सत्य कुठलं?"

आम्ही दोन मिनिटं गप्प झालो. उत्तर लगेच सुचलं नाही हे कबूल करायला हवं. चहा घेऊन परत फोन लावला.

आमचं उत्तर असं होतं. तू त्याच्या वतीने घाबरायचं की नाही हे ठरवतोयस. कॉम्प्रेशन बरोबर आहे, तर तेही लिही. आकडा लिही, फोटो टाक. टर्बो किती दाबावर चालवला ते लिही, तेल कुठलं घातलं, पेट्रोल कुठलं. एवढं वाचूनही तो घाबरला, तर ती त्याची भीती, त्याच्या पैशांची. त्याला ती बाळगण्याचा हक्क आहे. कॉम्प्रेशनची तपासणी सगळं सांगत नाही हे तुलाही माहीत आहे. क्रँकच्या बेअरिंगवर काय ताण पडला, ते त्या आकड्यात दिसत नाही. तुझा भरवसा त्या आकड्यावर जेवढा आहे, त्याहून जास्त तुझ्या चार वर्षांच्या वापरावर आहे. आणि नेमका तोच तू त्याच्यापासून लपवतोयस.

तो म्हणाला, "पण काका, आधीच माझं १७ हजारांचं नुकसान झालंय."

इथे आम्हाला गाठ सापडली असं वाटतं. आम्ही म्हटलं, कसले १७? २९ वजा १२, तो म्हणाला. आम्ही विचारलं, चार वर्षं तू त्या डोंगरावर गेलास ना? पहाटे चारला उठून, मित्रांबरोबर, ताज्या बर्फात? टर्बो लागल्यावर पहिल्यांदा वर चढलास तो दिवस तूच आम्हाला व्हिडिओ पाठवला होतास, ओरडत होतास. तो दिवस कुणाच्या खात्यात मांडला? घडणावळ त्या दिवशीच वसूल झाली. ती आता कोणी दुसऱ्यांदा द्यायची, आणि का?

माणूस नुसत्या हावेने खोटं वागतो असं आम्हाला फारसं दिसलेलं नाही. आधी तो मनात एक येणं मांडतो. जगाकडून माझे इतके येणं आहे. एकदा ते मांडलं की मग गप्प बसणं हे खोटं वाटतच नाही, ती वसुली वाटते. ज्याच्याकडून वसूल करायचं तो मात्र कर्ज घेतलेला नसतो. तो एक अनोळखी पोरगा असतो, ज्याने साठवलेल्या पैशांनी पहिली गाडी घ्यायचं ठरवलेलं असतं.

हे आम्ही मोठ्या तोंडाने लिहितोय, म्हणून आमचं सांगतो. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटार विकली. सकाळी थंड असताना ती सुरू व्हायला फार कुरकुर करायची, पाच-सहा वेळा किल्ली फिरवावी लागे. एकदा गरम झाली की दिवसभर काही नाही. घेणारा उज्जैनहून दहा वाजता येणार होता. आम्ही साडेनऊला गाडी कॉलनीत दोन चकरा मारून आणली आणि जागेवर लावली. तो आला, किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू. खूश झाला. आम्ही एक शब्द खोटा बोललो नाही. त्याने विचारलं, "स्टार्टिंग कसं आहे?" आम्ही म्हटलं, "बघा ना तुम्हीच." आमच्या घरातून, म्हणजे सौ.नी, तो चहाचा कप ठेवताना आमच्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं. पैसे किती जास्त आले ते मात्र आता आठवत नाही. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. जुनी स्नोमोबाइल घेताना जाणते लोक हाच पहिला सल्ला देतात म्हणे, की सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावून बघा, थंड आहे ना. उज्जैनच्या त्या माणसाने बॉनेटला हात लावला नाही. त्याने आमच्याकडे पाहून विश्वास ठेवला.

आपल्या जुन्या लोकांनी या गोष्टीचा बारीक विचार केलेला आहे. धर्मशास्त्रात विकत घेऊन मागाहून पस्तावणाऱ्याचं एक प्रकरणच आहे, क्रयविक्रयानुशय असं त्याचं नाव. मनूने असा माल दहा दिवसांच्या आत परत देण्याघेण्याची सोय ठेवली. याज्ञवल्क्याने तर मालाप्रमाणे पारखण्याचे दिवस वेगळे सांगितले. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. बघा, लोखंड एका दिवसात कळतं, पण ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, कारण त्याची खोड चालवल्याशिवाय दिसत नाही. हे नियम करणारा माणूस बाजारात उभा राहिलेला असणार. आमच्या बेळगावकडच्या मंडळींना जनावरांचा बाजार ठाऊक आहे. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, पण बैल मारका असेल तर तो आधी सांगायचा, ही जुन्या शेतकऱ्यांची रीत. मारका बैल विकू नये असं कोणी म्हणत नाही. खोड सांगून विकावा, एवढंच.

आणि महाभारताच्या शांतिपर्वातला तुलाधार. जाजलि नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटं केलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली. त्याला वाटलं, धर्म मिळवला. तेव्हा त्याला ऐकू आलं की काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. गेला तर तो एक दुकानदार. तोही आपल्या धंद्याचं वर्णन करताना म्हणतो की मी दुसऱ्यांच्या हातून माल घेतो आणि पुढे विकतो, पण माया न करता. म्हणजे हाही घेऊन परत विकणाराच. इथे माया म्हणजे कपट. गंमत बघा, आपल्या मराठीत तोच शब्द काकूंच्या शिवणीतल्या कापडाला आहे, आईच्या जिव्हाळ्याला आहे, आणि जमवलेल्या पैशालाही आहे. मुलाच्या या गाडीत चारही आल्या. त्याचा त्या गाडीवर जीव होता, पैसा त्यात अडकला होता, मूळ भाग खोक्यात होते, आणि चौथीच्या उंबऱ्यावर तो उभा होता.

आपल्या हैदराबादच्या ग्रुपमधल्या एका प्राध्यापक ताईंनी यात भर घातली. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातलं म्हणणं असं की विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत आणि घेणाऱ्याला नाही, असं असलं की घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, कारण चांगली कोणती ते त्याला ओळखता येत नाही. मग चांगली गाडी असणारा म्हणतो, या भावात मी कशाला विकू? तो बाजूला होतो. उरतात खोडीच्या. ताई म्हणाल्या, "मुलाला सांगा, तुझ्या गाडीला ११ हजारच का मिळत होते याचं हे अर्धं कारण आहे. तुझ्या आधी जे गप्प बसले, त्यांची किंमत तू मोजतोयस." मुलाला हे पटलं नाही. तो म्हणाला, मग मीच एकटा का भरू? यावर आमच्याकडे गोड उत्तर नव्हतं. भरावी लागते, एवढंच म्हणालो.

पण खरं सांगायचं तर पैशाचा मुद्दा आमच्या दृष्टीने दुसरा आहे. पहिला मुद्दा काकूंनी काढला, आणि त्यावरच पारडं फिरलं. त्या मुलाला म्हणाल्या, "ती गाडी रस्त्यापासून किती लांब नेतात रे?" तीस किलोमीटर, कधी चाळीस, तो म्हणाला. "फोन लागतो?" नाही. "रात्री थंडी?" उणे वीस. "आणि इंजिन बसलं तर?"

तो काही बोलला नाही. आमच्या त्या मोटारीची कुरकुर उज्जैनला एका घराच्या दारात झाली असेल, फार तर त्या माणसाला ऑफिसला उशीर झाला असेल. डोंगरात इंजिन बसणं म्हणजे रात्र बर्फात काढणं. घेणाऱ्याला हे ठाऊक असतं की ही गाडी ताणून वापरलेली आहे, तर तो सोबत दुसरा गडी नेईल, उन्हाळ्यात इंजिन उघडून पिस्टन बघून घेईल, पहिल्या हिवाळ्यात फार आत जाणार नाही. कंपनीची मूळ गाडी समजून घेतली तर यातलं काहीच करणार नाही. एक माहिती त्याच्याकडून काढून घेतली की त्याचं शहाणपण पण काढून घेतलं. ज्या गाडीचा जन्मच एक पोर इस्पितळापर्यंत पोचलं नाही म्हणून झाला, तिच्या बाबतीत निदान एवढं तरी.

तर पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे कुणी विचारत बसायला नको. मुलाने सुटे भाग वेगळे विकले, त्याचे तीन हजार सहाशे आले. जाहिरातीत दुसऱ्याच ओळीत लिहिलं की चार हिवाळे टर्बोवर चालवली आहे, आता मूळ स्थितीत आहे, कॉम्प्रेशनचा फोटो खाली, सगळी बिलं आहेत. पहिल्या आठवड्यात एकाचाही फोन नाही. दुसऱ्या आठवड्यात एक जण आला, गाडी आवडली, टर्बोवरून घासाघीस करत साडेआठ हजारांवर आला, मुलाने नाही म्हटलं, तो निघून गेला. काकांना तेव्हा मुलाचा फोन आला होता. "बाबा, झालं समाधान?" काका त्या रात्री जेवले नाहीत.

महिन्याने एडमंटनहून एक जण आला. त्याने इंजिनाला हात लावून पाहिला. थंड होतं. दोन तास बघितलं, बिलांची फाईल एकेक पान चाळली, आणि १० हजार २०० ला घेतली. मित्रांचा १६ चा हिशोब होता, एकूण आले १३ हजार ८००. दोन हजार दोनशे डॉलर कमी, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. सत्य सांगितल्याने जास्तच मिळाले, असं लिहायला आम्हाला आवडलं असतं. तसं झालं नाही.

मुलगा अजून थोडा घुश्शात आहे. बाळाचे फोटो आईला पाठवतो, बाबांना नाही. काकू म्हणतात आठ दिवसांत निवळेल. जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि पत्रात लिहू नका म्हणाल्या, पण आम्ही मुलाची परवानगी घेतली आहे. तो पुढच्या हिवाळ्यासाठी एक जुनी गाडी बघतोय. कंपनीच्याच टर्बोची. विकणाऱ्याला त्याने पहिलाच प्रश्न विचारला की हिच्यात काय काय बदललं होतं.

समोरून अजून उत्तर आलेलं नाही.